जुन्या पिकअपच्या लाईटी अन् वायरिंग: बल्ब विकत घ्यायच्या आधी हे बघा

दर आठवड्याला कोणीतरी दारात पिकअप उभी करतं अन् एकच रडगाणं, "भाऊ, दोनदा बल्ब बदलला, फ्युज पण मोठा टाकला, तरी लाईट मिणमिणच करते." मी बल्बकडे बघतच नाही. बोनेट उघडतो, बॅटरीच्या मायनसची केबल चेसिसला जिथं बसते तिथला बोल्ट बघतो, अन् दहातल्या सहा-सात गाड्यांत घोटाळा तिथंच निघतो. लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात, आधी बल्ब, मग फ्युज, मग डायरेक्ट वायर, अन् शेवटी कधीतरी बॅटरी-अर्थिंग. तोपर्यंत वायरिंगची खिचडी झालेली असते अन् मूळ फॉल्ट कुठला अन् आपण केलेला कुठला ते कळत नाही.

खाली दिलंय ते १२ व्होल्टच्या, साध्या वायरिंगच्या जुन्या डिझेल पिकअपसाठी. तुमच्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर असेल तर इंजिनकडे जाणाऱ्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका, फक्त लाईट, हॉर्न, इंडिकेटर एवढ्यापुरतं हे वापरा.

## तयारी

सामान फार लागत नाही. एक साधा डिजिटल मीटर, १० अन् १३ चा पाना, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, पेट्रोलियम जेली, थोडे थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बोल्टखाली बसवायची धातूची कडी), २.५ एमएमची पाच-सहा मीटर वायर, अन् घरी बनवलेला टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन लांब वायरी, एकीला क्लिप अन् दुसरीला टोकदार खिळा.

मीटर असताना लॅम्प कशाला, हे सगळे विचारतात. वायर आतून कुजलेली असली अन् एकच तार धरून राहिलेली असली तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट खेचतच नाही म्हटलं तरी चालेल. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास खेचतो, तिथं त्या एका तारेचं पितळ उघडं पडतं. म्हणून दोन्ही ठेवा.

काम सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, दुपारी बोनेटखाली हात घालवत नाही अन् घाईत माणूस चुकतो.

आधी हे: किल्ली बंद, अंगठी-कडं काढून ठेवा, बॅटरीजवळ बिडी नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो एका ठिणगीत पेटतो.

## १. तक्रार नीट ओळखा

पाना हातात घ्यायच्या आधी कागदावर लिहा. एकच दिवा मंद आहे का सगळे? इंजिन रेस केल्यावर उजेड वाढतो का? खड्ड्यात चाक गेलं की लाईट जाते-येते का? ब्रेक दाबला की भलतंच काही लागतं का?

यात अर्धं उत्तर असतं. सगळेच मंद अन् रेस केल्यावर उजळतात तर बॅटरी किंवा डायनामो. एकाच बाजूचं बिघडलं तर त्या बाजूची अर्थिंग किंवा होल्डर. डाव्या-उजव्या दोन्ही हेडलाईट एकदम गेल्या तर दोन्ही बल्ब एका वेळी उडाले असं सहसा नसतं, फ्युज, रिले नाहीतर स्विच बघा. (दोन्ही खरंच एकदम उडाले असतील तर पायरी ४ वाचा, तिथं कारण सापडेल.)

## २. बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सुरू करायच्या आधी मीटर २० व्होल्ट डीसीवर लावून बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर धरा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा खोटा जास्त दिसतो, मग हेडलाईट मिनिटभर लावून बंद करा अन् थोडं थांबून मोजा.

आता कोणाला तरी सेल्फ मारायला लावा अन् मीटर बघत राहा. ९.६ च्या खाली पडला तर बॅटरी चार्ज करून परत हीच टेस्ट घ्या, तरीही पडला तर बॅटरी संपली समजा, वायरिंगला दोष देत बसू नका.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशनं धुवा. झाकणं घट्ट लावूनच, सोडा आत गेला तर आतलं ॲसिड मरतं. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, आरओचं नाही अन् बोअरचं तर मुळीच नाही. प्लेटा बुडून वर साधारण बोटाच्या नखाएवढं पाणी पुरे, काठोकाठ भरलं की उन्हाळ्यात ॲसिड बाहेर सांडतं अन् खालचा ट्रे खाऊन टाकतं.

क्रम लक्षात ठेवा: काढताना आधी मायनस, लावताना मायनस सर्वात शेवटी. आधी प्लस काढायला गेलात अन् पाना बॉडीला टेकला तर पाना तिथंच वेल्डिंग होतो.

## ३. अर्थिंग, इथं घाई करू नका

करंट प्लसमधून बल्बपर्यंत जातो तसा परत पण यावा लागतो, अन् परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा अन् चेसिस. वीस वर्षांच्या गाडीत तो रस्ता गंजलेला असतो. बल्बचं एक वाईट आहे, व्होल्टेज १० टक्के कमी पोहोचलं तर उजेड १० टक्के कमी होत नाही, जवळपास ३० टक्के जातो. म्हणून एक-दीड व्होल्ट कुठंतरी गळाला की रस्ता दिसेनासा होतो.

आमच्याकडे याला अजून एक कारण आहे, पासिंग. आठ वर्षांपुढची मालाची गाडी दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, अन् त्याच्या आधी सगळे चेसिसला काळा रंग मारून घेतात. रंगवाला काही पाने घेऊन येत नाही, तो अर्थिंगच्या बोल्टावरून, थिंबलवरून, सगळ्यावरून फवारा मारतो, अन् कधी कधी तर बोल्ट सैल केलेला असतो अन् रंग थिंबलच्या खाली जाऊन बसतो. गाडी चकाचक दिसते अन् आठ दिवसांनी लाईटी नाचायला लागतात. माझ्याच गाडीचं असं झालं होतं, केळी भरून बऱ्हाणपूरच्या रस्त्याला, मागून एक ट्रकवाला डिप्पर मारमारून थकला. बाजूला घेतलं तर म्हणतो, "काय व्हयनं भाऊ, ब्रेक मारला की तुझा इंडिकेटर लागतो." मागच्या दिव्याच्या अर्थिंगचा एक स्क्रू होता, वरून रंगाचा जाड थर, नखानं खरवडला तर आत थिंबल अन् पत्रा यांच्यामध्ये काळी कातडीसारखी पापडी निघाली.

कसं तपासायचं:

मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनस खुंटावर धरा, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावरच. लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर. स्टॉपची केबल ओढून धरा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, अन् सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या पुढं गेला तर इंजिनची अर्थिंग पट्टी खराब. मग लाल वायर चेसिसवर, मग केबिनच्या पत्र्यावर, मग हेडलाईट लावून हेडलाईटच्या अर्थिंगच्या पिनवर. जिथं आकडा उडी मारतो, त्याच्या अलीकडचा जोड खराब.

मीटर नसेल तर गावठी पद्धत. २.५ एमएमच्या वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टोक मंद दिव्याच्या अर्थिंगला टेकवा. उजेड झपकन वाढला तर बल्ब, फ्युज, स्विच सगळे निर्दोष.

दुरुस्ती म्हणजे बोल्ट काढा, पत्रा अन् थिंबल पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट बसवा, *नंतर* वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग. रंगावर वॉशर ठेवून कसकसून आवळल्यानं अर्थिंग होत नाही. निदान चार जागा करा: बॅटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस, केबिन ते चेसिस, अन् मागच्या दोन्ही दिव्यांची. इंजिनची पट्टी तुटलेली असली की सेल्फचा करंट वाट शोधत ॲक्सिलेटरच्या केबलमधून जातो अन् केबल तापून चिकटते, हे मी डोळ्यानं बघितलंय.

चेक: अर्थिंग झाल्यावर सगळ्या लाईटी परत लावून बघा. अर्ध्या लोकांचं काम इथंच संपतं.

## ४. डायनामो

अल्टरनेटर म्हणा की डायनामो, काम तेच. इंजिन चालू करून थोडी रेस द्या अन् बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ मध्ये पाहिजे. हेडलाईट अन् ब्लोअर लावल्यावरही १३ च्या बऱ्यापैकी वर राहिला पाहिजे. नाही राहिला तर आधी पट्टा बघा, मधोमध अंगठ्यानं दाबून साधारण १ सेंटिमीटर दबावा, त्याहून जास्त म्हणजे ढिला.

आकडा १५ च्या वर जात असेल तर कटआउट, म्हणजे व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर, गेलाय. बल्ब दर महिन्याला उडणं, दोन्ही हेडलाईट एकाच रात्री जाणं, बॅटरीचं पाणी सारखं आटणं, ही त्याचीच लक्षणं. लोक वर्षभर बल्ब बदलत बसतात.

एक बारीक गोष्ट. किल्ली दिल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे अन् इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. किल्ली दिल्यावर तो लागतच नसेल तर "बरं झालं, काही प्रॉब्लेम नाही" असं समजू नका. जुन्या गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट त्याच बारक्या बल्बातून मिळतो, बल्ब उडाला तर डायनामो चांगला असून चार्जिंग करत नाही. डायनामो उतरवून दुकानात न्यायच्या आधी तो बल्ब बघा.

हे कधीच नाही: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून "डायनामो चालतो का" बघणं. हायवेवर अजून पण करतात हे. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं अन् डायनामोचे डायोड, कटआउट, गाण्याचा टेप सगळं एका झटक्यात जाऊ शकतं.

## ५. फ्युज

पात्याच्या फ्युजला रंग ठरलेले आहेत, लाल १० अँपियर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. झाकणावर जो आकडा लिहिलाय तोच टाका. फ्युज सारखा उडतो म्हणून १५ च्या जागी ३० टाकला किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळली, तर पुढच्या वेळी फ्युजऐवजी वायर जळते, अन् वायर एकटी जळत नाही, शेजारच्या पाच घेऊन जाते.

फ्युज बाहेर काढून डोळ्यानं बघण्यापेक्षा बसलेला असतानाच, ती लाईन चालू करून अन् टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या मायनसला लावून, खिळ्यानं वरच्या दोन्ही टोकांना बघा. दोन्हीकडे उजेड म्हणजे ठीक, एकीकडेच म्हणजे उडाला. फ्युज चांगला असून पुढं करंट जात नसेल तर खालची पकड सैल किंवा गंजलेली असते, तिथलं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलेलं दिसतं.

शॉर्ट शोधायला फ्युज जाळत बसू नका. त्या लाईनवरचे सगळे बल्ब काढा, उडालेल्या फ्युजच्या जागी टेस्ट लॅम्पची दोन टोकं लावा, ती लाईन चालू करा. शॉर्ट असेल तर लॅम्प भकाभक पेटेल. आता वायरिंग हळूहळू हलवत जा, पत्र्याच्या भोकातून वायर जाते ती जागा, सायलेन्सरच्या जवळची, मागच्या फाळक्याच्या बिजागरीजवळची. हात लावला अन् लॅम्प विझला, की तीच जागा. उंदरानं कुरतडलेलं पण असतं, कपाशी किंवा कडबा भरलेल्या गोडाऊनजवळ गाडी उभी राहत असेल तर सीटखाली आधी बघा.

जोड मारताना वळ देऊन काळी टेप गुंडाळणं बंद करा. आपल्या उन्हात त्या टेपचा डिंक पातळ होतो अन् टेप सरकते. सोल्डर करा नाहीतर थिंबल दाबा, वरून गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह.

## ६. हेडलाईट

आता बल्ब. काढून त्यावरचं बारीक लिखाण वाचा, १२ व्होल्ट ६०/५५ वॅट पाहिजे. हायवेच्या दुकानातून रात्री घाईत घेतलेला बल्ब कधी कधी ट्रकचा २४ व्होल्टचा निघतो, तो १२ वर पिवळट-लालसर लागतो अन् माणूस वायरिंग उसवत बसतो.

१००/९० चा टाकू नका. पोलिसांचं सोडा, जुना होल्डर वितळतो अन् रिफ्लेक्टरची चांदी करपते, मग साधा बल्ब टाकला तरी उजेड येत नाही. एच-४ च्या, म्हणजे या ६०/५५ च्या हॅलोजन बल्बच्या, काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला की काच तिथंच तापून फुटते.

बल्ब बरोबर, अर्थिंग बरोबर, तरी मंद? मीटरची लाल वायर बॅटरीच्या प्लसवर, काळी वायर हेडलाईट लावून तिच्या प्लस पिनवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे वाटेत गळती. बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये हेडलाईटचा सगळा करंट, दोन्ही मिळून नऊ-दहा अँपियर, स्टिअरिंगखालच्या स्विचमधून जातो, अन् स्विच आतून करपतो. डिप्परचा दांडा हलवला की लाईट जाते-येते ती यामुळेच. नवीन स्विच टाकला तर तो पण वर्ष-दोन वर्षांत तसाच होतो, म्हणून रिले टाका, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.

एक रिले डिमला, एक अप्परला. ३० नंबरच्या पिनला बॅटरीच्या प्लसवरून २.५ एमएमची वायर, अन् बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपियरचा फ्युज, प्रत्येक रिलेला वेगळा. ८७ वरून दोन्ही बल्बला. हेडलाईटच्या जुन्या सॉकेटला येणारी वायर ८६ ला, अन् ८५ अर्थिंगला. आता स्विचमधून फक्त रिलेला जागं करण्याइतका करंट जातो.

थांबा: काही मॉडेलमध्ये स्विच प्लसला नाही, मायनसला असतो. हेडलाईट बंद असताना सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्पनं प्लस मिळत असेल तर तुमची गाडी त्यातली, वरची जोडणी तशीच्या तशी करू नका, मोटार वायरमनला दाखवा.

## ७. मागचे दिवे अन् इंडिकेटर

केळीवाल्यांच्या गाडीचे मागचे दिवे लवकर जातात, याचं कारण चीक. ताजा घड कापून भरला की चीक अन् पाणी हौदातून गळून दिव्याच्या मागं उतरतं, होल्डरच्या स्प्रिंगवर काळा चिकट थर बसतो अन् बल्ब टेकतच नाही. दिवा उघडा, काडीला पॉलिश पेपर गुंडाळून पितळी टेकू घासा, स्प्रिंग थोडी वर ओढा. दिव्याच्या मागं वायर आत शिरते तिथं वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी झोळातून खाली टपकेल, दिव्यात जाणार नाही.

ब्रेक दाबला की पार्किंग विझतं, इंडिकेटर दिला की पार्किंग लुकलुकतं, असलं भुताटकीसारखं काही दिसलं की ९० टक्के त्या दिव्याची अर्थिंग. उरलेलं म्हणजे दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये कोणीतरी ठोकून बसवलेला एक फिलामेंटचा बल्ब. ब्रेक-पार्किंगच्या बल्बच्या दोन खुंट्या वर-खाली असतात, तो एकाच बाजूनं बसतो, जोर लावावा लागला तर बल्ब चुकीचा आहे.

इंडिकेटर एका बाजूला भराभर मारतो तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा अर्थिंग नाही. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलू नका. दोन्ही बाजूला लागून राहतो, मारत नाही, तेव्हा फ्लॅशर. एलईडी बल्ब टाकल्यावर भराभर मारायला लागला तर जुना फ्लॅशर एलईडीचा कमी करंट बघून बल्ब गेला असं समजतो, एलईडीचा फ्लॅशर मिळतो तो टाका.

ब्रेक लाईट दोन्ही जात असतील तर पेडलच्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवा. लागली तर स्विच खराब. नाही लागली तर फ्युज अन् मागची वायर.

## ८. रात्रीतून बॅटरी उतरते

सगळं बंद करा, दार लावा, मायनस केबल काढा. मीटर १० अँपियरवर, लाल वायर पण १० अँपियरच्या भोकात, अन् मीटर केबल आणि खुंट यांच्या मध्ये जोडा. जुन्या गाडीत ५० मिलीअँपियरच्या खाली पाहिजे, मीटरवर ०.०५. जास्त असेल तर एकेक फ्युज काढत जा, ज्यानं आकडा पडतो ती लाईन चोर. बहुतेक वेळा टेपवाल्यानं डायरेक्ट बॅटरीवरून घेतलेली वायर निघते, किंवा हौदातला दिवा. सगळे फ्युज काढूनही आकडा तसाच असेल तर डायनामोची मागची जाड वायर सोडून बघा, डायोड फुटलेला असतो. पण ती वायर सोडायच्या आधी मायनस अन् मीटर दोन्ही पूर्ण काढा, तिच्यावर थेट बॅटरीचा प्लस असतो. वायरचं टोक टेपनं झाकून मगच मीटर परत जोडा.

मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, किल्ली पण देऊ नका. मीटरचा फ्युज उडतो, अन् स्वस्त मीटर असेल तर मीटरच.

## ९. शेवटी बीम, अन् तोही माल भरून

रिकाम्या गाडीवर लाईट सेट करतात ही नेहमीची चूक. माल भरला की मागचे पाटे बसतात, नाक वर होतं अन् डिम पण समोरच्याच्या डोळ्यात जातो. तुम्ही रोज जेवढा माल भरता तेवढा भरून, टायरची हवा बघून, सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. हेडलाईटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा, डिमच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे. एक दिवा पोत्यानं झाकून दुसरा, मग उलट. स्क्रू गंजून फिरत नसेल तर डिझेलचे दोन थेंब टाकून रात्रभर सोडा, पकडीनं पिळू नका, प्लास्टिकचा नट तुटला की पूर्ण हेडलाईट घ्यावी लागते.